उंबरठ्याच्या आतली व्यसनमुक्ती

(यवतमाळ जिल्ह्यातील महिला व कुटुंबीयांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



एप्रिल २०२१ च्या चौथ्या आठवड्यात याच जिल्ह्यातील वणी येथे निदान सात माणसे मरण पावली. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा तो काळ होता आणि मृत्यूच्या वार्तांनी वृत्तपत्रांचे रकाने भरून जात होते. परंतु ही माणसे कोरोनाने गेली नव्हती. टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद होती, आणि दारू मिळेना म्हणून त्यांनी हात स्वच्छ करण्याचे सॅनिटायझर प्राशन केले होते. मोलमजुरी करणारी ही माणसे होती. अशी वार्ता कानी पडली की ऐकणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो मरणाऱ्याच्या कर्माचा. दुसरा विचार येतो तो त्याच्या घरच्यांचा : घरची माणसे काय करीत होती? त्यांनी लक्ष ठेवायला नको होते काय?

आजचे विवेचन या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे. लक्ष ठेवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे त्या घरांना कधी कोणी समजावून सांगितले होते काय, असा उलट प्रश्न समाजाला विचारावा लागेल. दारूविरुद्ध भाषणे पुष्कळ झाली. पिणाऱ्याला उपदेशही पुष्कळ झाला. पण त्याच्या शेजारी जी माणसे रात्रंदिवस राहतात, त्याच्यासाठी भाकरी झाकून ठेवून जागत बसतात, त्यांच्या हाती समाजाने काय दिले? व्रते दिली, नवस दिले आणि 'तुझ्यातच काही कमी असेल' असा टोमणा दिला.

या जिल्ह्याच्या भूगोलातच एक धडा आहे. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्हा. तेथे सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत १९९३ साली बंदी आली. वणीला लागून असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. त्या सहा वर्षांत नदी ओलांडून अलीकडे येणाऱ्यांची वर्दळ वणीकरांनी पाहिली आहे. यवतमाळच्या भगिनीही स्वस्थ बसलेल्या नाहीत. 'स्वामिनी' या नावाने उभ्या राहिलेल्या आंदोलनात खेड्यापाड्यांतील स्त्रियांनी जिल्ह्याच्या दारूबंदीसाठी मोर्चे काढले, पोलीस ठाण्यांत ठिय्या दिला. २००८ च्या शासकीय अधिसूचनेनुसार गावातील निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी 'आडव्या बाटली'ला कौल दिला तर दुकान बंद करता येते, आणि महाराष्ट्रात अनेक गावांनी तसे करून दाखविले आहे. या लढ्याचे मोल कोणी कमी लेखू नये. गावाच्या तोंडाशी दुकान नसले तर पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती पहिला पेला लागत नाही. केवढी तरी मोठी गोष्ट आहे ही.

परंतु ज्याच्या हाती तो पेला पंधरा वर्षांपूर्वीच लागला, त्याचे काय? वणीत दुकाने बंदच होती. बाटली समोरून गेली, पण माणसातून दारू गेली नाही. दारू बंद होणे ही एक घटना आणि दारू सुटणे ही दुसरी. या दोहोंच्या मधले अंतर घराला ओलांडावे लागते, आणि ते कसे ओलांडावे हे जाणल्यावाचून निघालेले घर वाटेतच कोसळते.

प्रथम शरीराची गोष्ट समजून घ्यावी लागेल. दारू मेंदूची गती मंद करते. रोज, वर्षानुवर्षे ती पोटात जाऊ लागली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो आणि स्वतःची गती वाढवून ठेवतो. चढावर बंडी ओढणाऱ्या बैलाला मागून कोणी दोराने सतत खेचून धरले, तर बैल आपला जोर वाढवीत राहील. तो दोर एकाएकी तुटला तर काय होईल? बैल तोंडघशी पडेल. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबते तेव्हा त्याच्या शरीरात हेच घडते. शेवटच्या पेल्यानंतर सहा-आठ तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, मळमळते, छातीत धडधड होते, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत काहींना फिट येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींचे भान हरपते. त्यांना अंगावर किडे चालताना दिसतात, मेलेली माणसे हाका मारताना ऐकू येतात, ताप चढतो, ते घरच्यांनाच ओळखत नाहीत. जुने वैद्य ज्या अवस्थेला सन्निपात म्हणत, तशीच ही अवस्था. सर्वांना ती येत नाही. पण ज्याला येते त्याला उपचार न मिळाल्यास ती प्राणावर बेतू शकते, आणि वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण तीतून सुखरूप बाहेर पडतात.

आता आपल्या गावांत काय होते ते आठवून पाहावे. नवरा दोन दिवस प्याला नाही म्हणून घरात आनंद होतो. तिसऱ्या रात्री तो भिंतीशी बोलू लागतो. म्हातारी म्हणते, बाहेरची बाधा झाली. आणि पहाटे त्याला देवऋषीकडे नेले जाते. किंवा त्याला खोलीत कोंडून बाहेरून कडी लावली जाते, कारण कोणीतरी सांगितलेले असते की आठ दिवस कोंडला की आपोआप सुटते. यात दुष्टावा नाही, अज्ञान आहे. म्हणून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी : जो सकाळी उठल्या उठल्या पितो, न प्यायल्यास ज्याचे हात कापतात, ज्याला पूर्वी कधी फिट आली आहे, अशा माणसाची दारू घरच्या घरी एका दिवसात तोडू नये. 'आजपासून बंद' हे वाक्य डॉक्टरांच्या साक्षीने उच्चारावे. यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, वर्ध्याकडे सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आहे, वणीकडच्या लोकांना चंद्रपूर जवळ आहे. तेथे काही दिवस औषधे देऊन कंप आणि फिट टाळता येतात, ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली जातात. उपाशीपोटी पिणाऱ्याच्या शरीरात या जीवनसत्त्वाचा ठणठणाट असतो आणि त्यापायी स्मृती कायमची जाऊ शकते. अशा माणसाला अशक्तपणा आला म्हणून गावात नुसते सलाईन लावून घेण्याची जी रीत आहे, तिने हे काम भागत नाही.

मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी लागली तेव्हा केरळ सरकारपुढे हाच पेच उभा राहिला. दारूवाचून तळमळणाऱ्यांनी आत्महत्या केल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दारू पुरविण्याचा आदेश त्या सरकारने काढला. डॉक्टरांनीच त्याला विरोध केला आणि उच्च न्यायालयाने त्या आदेशास स्थगिती दिली. दारूच्या तळमळीवर औषध दारू नव्हे, रुग्णालय आहे, हे डॉक्टरांचे म्हणणे योग्यच होते. प्रश्न इतकाच की रुग्णालयापर्यंत किती जण पोहोचतात? दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी ९० लाख लोक दारूवर पूर्णतः अवलंबून आहेत. आणि अशा अडतीस जणांपैकी कसाबसा एक जण कोणत्या ना कोणत्या उपचारापर्यंत पोहोचतो. उरलेले सदतीस जण कोठे असतात? ते घरी असतात. म्हणजे या देशातले सर्वांत मोठे व्यसनमुक्ती केंद्र घर हेच आहे, आणि तेथील सेविकेला प्रशिक्षण मात्र काहीच नाही.

या सेविकेचा दिवस कसा जातो? तो कामावर गेला नाही की ती मुकादमाला सांगते, अंग दुखते म्हणून निजले आहेत. किराणा दुकानातली त्याची उधारी ती बचत गटाचे कर्ज काढून फेडते. रात्री तो ओसरीवर पडला की शेजाऱ्यांनी पाहू नये म्हणून ओढत आत नेते, ओकारी पुसते, कपडे बदलते. सकाळी तो उठतो तेव्हा अंथरूण स्वच्छ असते, चहा तयार असतो आणि काल काय झाले याची एकही खूण घरात उरलेली नसते. त्याला आठवतही नाही. दारूच्या अमलातील कित्येक तास स्मृतीतून पुसलेच जातात. मग ती रडून सांगते आणि त्याला ते खरे वाटत नाही. सहनशीलतेच्या नावाखाली ज्या गोष्टीचा आपल्याकडे गौरव होतो, तिच्यामुळे पिणाऱ्याला पिण्याची किंमत कधी मोजावीच लागत नाही. ती किंमत बायको मोजते, आई मोजते, शाळा सोडून कापूस वेचायला जाणारी मुलगी मोजते.

तेव्हा पहिला बदल येथे हवा. माणसाला सोडू नये. पण त्याच्या पिण्याचे परिणाम त्याच्यापासून झाकू नयेत. मुकादमाला खोटे सांगू नये. बारची उधारी घराने फेडू नये. तो सुरक्षित असेल, कुशीवर असेल, श्वास नीट चालू असेल, तर ओसरीवर पडलेल्याला सकाळी ओसरीवरच जाग येऊ द्यावी. (उताणा मात्र राहू देऊ नये, ओकारी श्वासनलिकेत जाऊन मृत्यू येतो. हाका मारूनही जागा होत नसेल, श्वास मंद किंवा घरघरता असेल, तर १०८ ला दूरध्वनी करावा. तेथे शिक्षेचा विचार नको.) आणि तो ज्या दिवशी प्यालेला नसेल त्या दिवशी मात्र घराने त्याच्याशी माणसासारखे वागावे : जेवायला सोबत बसवावे, शेताचा, मुलांचा विषय काढावा, त्याचे मत विचारावे. सामान्यतः याच्या नेमके उलट घडते. प्यालेल्या रात्री सारे घर त्याच्याभोवती गोळा होते आणि न प्यालेल्या संध्याकाळी कोणी त्याच्याशी बोलत नाही, कारण साचलेला राग त्याच दिवशी बाहेर पडतो. मग शुद्धीवर राहण्यात त्याला काय गोडी वाटावी?

ही केवळ तर्काची गोष्ट नव्हे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको येथे रॉबर्ट मेयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच दिशेची एक पद्धत विकसित केली. उपचारास ठाम नकार देणाऱ्या मद्यपींच्या नातेवाइकांना त्यांनी शिकविले : केव्हा बोलावे, कसे बोलावे, चांगल्या दिवसाला प्रतिसाद कसा द्यावा, परिणाम झाकणे कसे थांबवावे, स्वतःची सुरक्षितता आणि स्वतःचे जगणे कसे सांभाळावे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे प्रशिक्षण घेतलेल्या घरांपैकी सुमारे दोन तृतीयांश घरांतील माणूस उपचारासाठी तयार झाला. सर्वांना गोळा करून त्याला एकदम कोंडीत पकडण्याच्या पद्धतीने हे प्रमाण निम्म्याहून कमी भरले. लक्षात घ्यावे की पहिल्या पद्धतीत पिणाऱ्याला कोणी उपदेश केला नव्हता. बदलले होते ते घराचे वागणे.

बोलण्याची वेळ कोणती? रात्री तो झिंगत आल्यावर नव्हे. ते भांडण दारूशी होते, माणसाशी नव्हे, आणि दारू त्यात नेहमी जिंकते. पाहुण्यांसमोर नव्हे, मुलांसमोर नव्हे. सकाळी, तो शुद्धीत असताना, थोडक्यात आणि एकाच प्रसंगाविषयी बोलावे. 'तुम्ही नेहमीच असे करता' या वाक्याने काही साधत नाही. 'परवा पोरगी तापाने फणफणली होती आणि तिला दवाखान्यात न्यायला घरात कोणी नव्हते, मला भीती वाटली' या वाक्याला उत्तर देणे कठीण असते. त्याच बोलण्यात पुढची वाट दाखवावी : मंगळवारी डॉक्टर बसतात, मी सोबत येते. तो नाही म्हणेल. बहुतेक जण पहिल्यांदा नाहीच म्हणतात. पण आजारपण, अपघात, नोकरीवर गदा, मुलीच्या लग्नात झालेली नामुष्की अशा एखाद्या प्रसंगानंतर एक-दोन दिवस असे येतात की माणूस आतून हललेला असतो. त्या दिवशी घराला पत्ता, वार आणि बसचे वेळापत्रक आधीच ठाऊक असले पाहिजे. शोधाशोधीत आठवडा गेला की ते दार पुन्हा मिटते.

शपथांविषयीही बोलले पाहिजे. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडली की माणूस स्वतःच्या नजरेतून उतरतो, आणि ती लाज बुडवायला पुन्हा दारूकडेच जातो. शिवाय मुलाला वाटू लागते की आता आपण मरणार. लहान मुलाच्या मनावर असले ओझे घालू नये. मग माळेचे काय, असे कोणी विचारील. गळ्यात तुळशीची माळ घातली आणि दारू सुटली, अशी माणसे महाराष्ट्राच्या गावागावांत आहेत आणि ती खोटी नाहीत. परंतु त्यांच्याकडे नीट पाहिले तर दिसते की त्यांना नुसती माळ मिळालेली नव्हती. दिंडी मिळाली होती, संध्याकाळचे भजन मिळाले होते, हाती टाळ मिळाला होता. दारूची जी वेळ, त्या वेळेला एक जागा आणि तेथे वाट पाहणारी चार माणसे मिळाली होती. अमेरिकेत १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोन मद्यपींनी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'ची सुरुवात केली ती एकमेकांना सावरण्यासाठीच. व्यसनातून सुटण्यासाठी झगडणाऱ्याला दुसऱ्या तशाच माणसाची सोबत लागते, या अनुभवावर ती चळवळ जगभर पसरली. बिल विल्सन यांच्या पत्नी लोइस यांनी १९५१ साली कुटुंबीयांसाठी 'अल-ॲनॉन'ची स्थापना केली. नवरे बैठकीत असत तेव्हा बाहेर ताटकळणाऱ्या बायका आपसात बोलू लागल्या आणि त्यांना कळले की प्रत्येकीच्या घरी तीच कथा आहे. हे व्यसन आपण लावलेले नाही, ते आपल्या ताब्यात ठेवता येणार नाही आणि आपण एकट्या ते बरेही करू शकणार नाही, हे त्यांनी स्वतःला समजावले. अपराधाची भावना मनातून उतरल्यावाचून बाईला नीट विचारच करता येत नाही.

महाराष्ट्रात हे काम पुण्याच्या मुक्तांगणने रुजविले. येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी हे केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. तेथे रुग्ण पस्तीस दिवस राहतो. पण या केंद्राची दूरदृष्टी यात दिसते की पत्नींसाठी तेथे 'सहचरी' हा स्वतंत्र गट चालतो. नवरा बरा व्हायचा असेल तर पत्नीलाही आधार हवा, हे सूत्र डॉ. अनिता यांनी घालून दिले आणि १९९७ साली त्या गेल्यानंतरही ते चालू राहिले. राळेगाव किंवा झरी जामणीच्या बाईला पुणे दूर आहे, हे खरे. पण आठवड्यातून एकदा गावातल्या चार-सहा जणींनी बचत गटाच्या बैठकीनंतर अर्धा तास थांबायला पुण्याची गरज नाही. त्या अर्ध्या तासाचे दोनच नियम : येथील गोष्ट बाहेर सांगायची नाही, आणि कोणी कोणाला 'तुझेच चुकले' म्हणायचे नाही.

एका घातक रिवाजाबद्दल सावध केले पाहिजे. 'न सांगता दारू सोडवा' अशा पाट्या बसस्थानकाजवळ दिसतात, आणि पुड्या वरणात मिसळून दिल्या जातात. पुडीत काय आहे हे घेणारीला माहीत नसते. दारूची शिसारी आणणारे एक औषध वैद्यकशास्त्रात खरोखरच आहे. डॉक्टर ते रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, तपासण्या करून देतात, कारण ते पोटात असताना दारू प्यायली तर रक्तदाब कोसळून जीव जाऊ शकतो. ते नकळत देणे म्हणजे त्याच्या ताटात सुरुंग पेरणे होय. शिवाय ज्या दिवशी त्याला कळते त्या दिवसापासून तो घरचे अन्न संशयाने खातो, आणि विश्वास हेच तर घराकडचे एकमेव औषध.

मारहाण होत असेल तर वरचे सारे बाजूला ठेवावे. प्रथम बाई आणि मुले सुरक्षित झाली पाहिजेत. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा कायदा तिला त्याच घरात राहण्याचा हक्क देतो, संरक्षणाचा आदेश देतो. १८१ आणि ११२ हे क्रमांक त्यासाठीच आहेत. माहेरी काही दिवस जाणे म्हणजे संसार मोडणे नव्हे. 'दारूच्या भरात मारतो, एरवी देवमाणूस आहे' हे सांत्वन करणाऱ्या आयाबायांनी हे वाक्य तोंडातून काढणे आता थांबवावे.

आणि या जिल्ह्यात आणखी एक खबरदारी. यवतमाळचे नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशाला ठाऊक झाले. कर्ज, नापिकी, भाव ही त्याची कारणे आहेतच. पण दारू हा त्या निराशेला धार लावणारा दगड आहे. पिणारा माणूस 'जीव देतो' म्हणाला तर ती धमकी समजून सोडून देऊ नये. फवारणीचे औषध कुलपात ठेवावे, किल्ली दुसऱ्याकडे असावी. त्या एका घटकेत हाताशी डबा नसला तर घटका टळते. राज्य शासनाने २०१५ साली सुरू केलेला 'प्रेरणा' प्रकल्प अशा शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठीच आहे आणि आशाताईंना त्याची माहिती असते.

विदर्भाच्या मातीत या विषयाची एक जुनी कहाणी आहे. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे झिंगराजी परीट दारूच्या नादी लागले. त्या काळी जातभाईंच्या जेवणावळीत, देवाच्या नवसात बकरे आणि दारू असायचीच. नाही म्हणणारा वेगळा पडायचा. त्यातच झिंगराजी खंगले आणि १८८४ साली गेले. मागे पत्नी सखुबाई आणि आठ वर्षांचा देबू राहिले. सखुबाई मुलाला घेऊन मूर्तिजापूरजवळच्या दापुरे येथे माहेरी आल्या, आणि देबू मामाच्या शेतात गुरे राखू लागला. हा देबू म्हणजेच पुढचे गाडगेबाबा. त्यांची कीर्तने आणि हातातला खराटा सर्वांना ठाऊक आहे. पण त्यांच्या गृहस्थाश्रमातला एक प्रसंग आजच्या विषयाला अधिक जवळचा आहे. मुलीच्या बारशाला रिवाजाप्रमाणे जातभाई मटण आणि दारूच्या अपेक्षेने जमले होते. देबूजींनी त्यांना गोडधोड वाढले. मंडळी नाराज झाली. त्यांनी कोणाच्या हातातला पेला हिसकावला नाही, कोणाला शिव्याशाप दिले नाहीत. स्वतःच्या घरच्या पंगतीत काय वाढायचे एवढेच बदलले. आठव्या वर्षी बाप गेलेल्या माणसाला पुरते ठाऊक होते की पंगतीतल्या आग्रहाचे मोल शेवटी कोणाच्या घरातून वसूल होते.

हा आग्रह आजही आहे. पस्तीस दिवस उपचार घेऊन माणूस परततो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, सख्खा चुलतभाऊच म्हणतो, 'एकाने काय होते?' दारू सुटलेल्याचा धोक्याचा काळ हाच असतो. पहिले वर्ष, त्यातही पहिले तीन महिने. कापसाचा चुकारा हाती येतो तो दिवस, पोळ्याची कर, होळी, लग्नातली वरात, खाणीतल्या पगाराची तारीख, हे दिवस घराने आधीच पंचांगावर खुणा करून ठेवावेत. त्या दिवशी त्याला एकटे पाठवू नये, पैसे शक्यतो त्याच्याच संमतीने दोघांच्या खात्यात जमा व्हावेत, आणि संध्याकाळी सात ते नऊ या वेळेत त्याच्या हाताला काम असावे. खिसे तपासणे आणि तोंडाचा वास घेणे मात्र टाळावे. त्याने दारू सुटत नाही, माणूस चोर होतो. नातेवाइकांनी त्याच्या सुटण्याचा उत्सव करू नये आणि थट्टाही करू नये. घरी आलेल्या पाहुण्यासाठीही त्या वर्षभर घरात बाटली येऊ नये.

एवढे करूनही तो एखादे दिवशी पुन्हा पिईल. मधुमेह्याची साखर वाढली म्हणून कोणी त्याचे औषध बंद करीत नाही. घसरणे या आजारात सामान्य आहे आणि घसरण्याआधीचे चार महिने वाया गेलेले नसतात. त्या काळात यकृत सुधारलेले असते, मुलीने चार महिने शांत झोप घेतलेली असते. त्याच आठवड्यात पुन्हा डॉक्टरांकडे जावे. घसरल्यावर किती दिवसांत परत आला, याचा हिशेब घराने ठेवावा. पूर्वी महिना लागत असेल आणि आता तीन दिवस लागत असतील, तर वाट बरोबर आहे.

मुलांना काय सांगायचे, हा प्रश्न आया हमखास विचारतात. खरे सांगावे. बाबांना आजार आहे, तो तुझ्यामुळे झालेला नाही, आणि तू परीक्षेत पहिला आलास म्हणून तो बरा होणार नाही. बापाला शोधायला मुलाला गुत्त्यावर पाठवू नये. रात्री भांडण पेटले तर कोणाच्या घरी जायचे ते त्याला ठाऊक असावे, आणि त्या शेजारणीलाही ते ठाऊक असावे.

वणीच्या त्या आठवड्यात टेलि-मानस ही सेवा अस्तित्वात नव्हती. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. तो रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत. व्यसनमुक्तीसाठी केंद्र शासनाचा वेगळा क्रमांक आहे, १४४४६. पिणाऱ्यानेच फोन केला पाहिजे असे नाही. पहाटे चार वाजता त्याचे हात कापताना पाहणारी त्याची आई फोन करू शकते. हे दोन आकडे आणि जवळच्या रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात तो वार, आज घरी गेल्यावर दाराआडच्या भिंतीवर लिहून ठेवावा. १०८ चा आकडा त्याखालीच असू द्यावा.